फाटकाशेजारचं दार

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला फुकटा प्रवासी म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. पाठीला सॅक अडकवलेला विशीतला पोरगा, दोन्ही बाजूंना हात टेकतो आणि कमरेएवढ्या दांड्यावरून टुणकन पलीकडे. सिनेमांनी हेच दाखवलं आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं याच पोराचा पाठलाग केला. मे २०२३ मध्ये तिथली सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या एमटीए या संस्थेने नेमलेल्या समितीचा अहवाल आला आणि त्यात वेगळीच हकीकत निघाली. २०२२ या एका वर्षात भाडं आणि टोल मिळून ६९ कोटी डॉलर बुडाले होते. सर्वांत मोठा वाटा बसचा, ३१.५ कोटींचा. भुयारी रेल्वेचा २८.५ कोटींचा. आणि रेल्वेच्या फुकट्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी उडीबिडी काही मारलीच नव्हती. फाटकाच्या शेजारी जे आपत्कालीन दार असतं, त्यातून ते सरळ चालत आत आले होते.

हे दार लोखंडी गजांचं, माणसाच्या उंचीपेक्षा उंच असतं. बाहेरून उघडत नाही. आतल्या बाजूला आडवी दांडी असते, ती ढकलली की उघडतं. गाडीतून उतरलेला घाईतला माणूस फिरत्या दांड्यातून निघायच्या ऐवजी ही दांडी ढकलतो, कारण सगळी गर्दी एकदम बाहेर पडते. बाहेर दोघेतिघे टपून असतातच. त्यांच्या मागून बाबागाडी ढकलत एखादी आई येते, मोठी बॅग घेतलेला पाहुणा येतो. भला माणूस मागच्यासाठी दार धरून ठेवतो, तो त्याच्या मागच्यासाठी. यातल्या कित्येकांना आपण भाडं बुडवतोय असं वाटतही नसावं.

मग हे दार कुलूप लावून बंद का करत नाहीत? याचं उत्तर भुयारी रेल्वेपेक्षा जुनं आहे आणि फार वेदनादायक आहे.

इंग्लंडच्या ईशान्येला संडरलंड नावाचं शहर आहे. तिथल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी मुलांसाठी जादूचा वगैरे खेळ होता. खेळ संपताना जाहीर झालं की ज्यांच्या तिकिटावर अमुक आकडा आहे त्यांना बाहेर पडताना बक्षीस मिळेल. रंगमंचावरून खालच्या मुलांना खाऊ-खेळणी वाटायला सुरुवातही झाली. वरच्या गॅलरीत हजाराहून जास्त मुलं होती. आपलं राहून जाईल या धास्तीने ती जिन्याकडे धावली. जिन्याच्या तळाशी आतल्या बाजूला उघडणारं दार होतं आणि ते अशा बेताने बोल्ट लावून अडकवलेलं होतं की एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट राहावी. बहुधा तिकिटं नीट तपासता यावीत म्हणून. पुढची मुलं त्या फटीपाशी अडकली, मागची येतच राहिली. १८३ मुलं गुदमरून मेली, तीन ते चौदा वयाची.

रॉबर्ट ब्रिग्ज नावाच्या माणसाने पुढे, १८९२ मध्ये, आतून जोर पडताच सुटणाऱ्या बोल्टचं पेटंट घेतलं. अमेरिकेत हा धडा एका आगीतून शिकावा लागला. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या खेळात जळालं आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तिथे जिन्यांवर लोखंडी जाळीची फाटकं लावून कुलपं घातली होती, का, तर वरच्या स्वस्त तिकिटवाल्यांनी खालच्या महाग जागांवर येऊन बसू नये. कार्ल प्रिंझलर नावाचा हार्डवेअरचा विक्रेता त्या खेळाला जाणार होता, कामामुळे राहून गेला. तो ज्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीत होता तिनेच (कादंबरीकार कर्ट व्हॉनेगटच्या घराण्यातली कंपनी ही) १९०८ च्या सुमारास आडव्या दांडीचं, ढकललं की उघडणारं कुलूप बाजारात आणलं. आज सिनेमागृहापासून मॉलपर्यंत आपण जी दांडी ढकलतो ती याच वंशातली. आणि खुद्द न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. कामगार माल चोरून नेतील ही मालकांची भीती. १४६ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. त्यानंतर त्या राज्यात कायदे बदलले, आणि लोक जिथे जमतात तिथलं बाहेर पडायचं दार आतून अडवून ठेवायचं नाही, हे तत्त्व इमारतींच्या नियमांत मुरलं.

तीन घटना, तीन शहरं, पण प्रत्येक ठिकाणी दार बंद करण्याचं कारण एकाच जातीचं होतं : तिकीट तपासणं, स्वस्त-महाग जागा वेगळ्या ठेवणं, चोरी रोखणं. म्हणजे फुकट्यांना थोपवण्यापायी माणसं मेली म्हणून ही ढकलदांडी आली, आणि शंभर वर्षांनी तीच दांडी फुकट्यांचा राजरस्ता झाली. नव्या फाटकांच्या खटाटोपाची खरी गोम इथे आहे. उडी मारणारा पोरगा त्यातला सोपा भाग.

आता फाटकाकडे येऊ. न्यूयॉर्कची पहिली भुयारी गाडी २७ ऑक्टोबर १९०४ रोजी धावली तेव्हा फिरतं फाटक नव्हतंच. खिडकीवर पाच सेंट देऊन कागदी तिकीट घ्यायचं आणि प्रवेशापाशी एका पेटीत टाकायचं. पेटीशेजारी रेल्वे कंपनीचा माणूस उभा, तो दांडा हलवून तिकिटाचे तुकडे करायचा. १९२० च्या दशकात नाणं टाकलं की फिरणारी फाटकं आली आणि तिकीट तोडणारे गेले. कंपनीचं भाडं करारानेच पाच सेंटला बांधलेलं होतं, महागाई वाढत होती. पगार वाचवणं एवढाच मार्ग उरलेला होता.

पाच सेंटचं भाडं १९४८ पर्यंत टिकलं, मग दहा सेंट झालं. दहाचं नाणं होतं, काम भागलं. १९५३ मध्ये पंधरा सेंट करायचं ठरलं आणि घोडं अडलं, कारण पंधरा सेंटचं नाणं अमेरिकेत नाही आणि फाटकाला दोन नाणी मोजता येत नव्हती. मग पितळी टोकन आलं. ते पन्नास वर्षं राहिलं आणि त्याने स्वतःची एक चोरविद्या जन्माला घातली. नाण्याच्या फटीत कागद कोंबून ठेवायचा. प्रवाशाचं टोकन अडकतं, दांडा फिरत नाही, तो चरफडत दुसऱ्या फाटकाकडे जातो. मग भामटा पुढे होऊन फटीला तोंड लावतो आणि टोकन ओढून काढतो. काही स्थानकांतले कर्मचारी यावर उपाय म्हणून फटीत तिखट भुरभुरवत. १९८० च्या दशकात शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या हमरस्त्याचं साडेसतरा सेंटचं टोकनही न्यूयॉर्कच्या फाटकात बेमालूम चालायचं, त्यावरून दोन राज्यांत बरीच तणातणी झाली. १९९४ मध्ये चुंबकीय पट्टीचं मेट्रोकार्ड आलं, २०१९ मध्ये बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवायची ओम्नी पद्धत आली, आणि २०२५ च्या अखेरीला मेट्रोकार्डाची विक्री थांबली.

शंभर वर्षांत फाटकात काय घालायचं ते चारदा बदलून झालं. दांडा मात्र कमरेएवढाच राहिला. हे आश्चर्याचं वाटेल, पण त्यामागे हिशेब होता. त्या दांड्याच्या समोर काचेच्या खोक्यात एक माणूस बसलेला असे. उडी मारणाऱ्याला तो धरत नसे, पण बघत असे. बाबागाडीवाल्या आईला तो बटण दाबून बाजूचं दार उघडून देई, तिचे पैसे आधी घेई. दांडा आणि माणूस मिळून एक फाटक होतं. पुढे खर्चकपातीत अनेक खोकी बंद झाली. माणूस गेला तसं आगीच्या वेळी दार कोण उघडणार हा प्रश्न आला, म्हणून ढकलदांडीची दारं आली. सुरुवातीला दार उघडलं की कानठळ्या बसवणारा भोंगा वाजे. लोक त्यालाही न जुमानता दार ढकलत आणि उरलेले प्रवासी त्या आवाजाने वैतागत. शेवटी २०१४ च्या अखेरीस भोंगेच बंद केले. एका अर्थी संस्थेनेच हात टेकले.

त्यानंतर जे उपाय झाले त्यांचा थोडक्यातच उल्लेख पुरे. दारापाशी निःशस्त्र रखवालदार उभे केले. ते असेपर्यंत लोक पैसे देत, पण दोन दारांच्या स्थानकात दुसऱ्या दाराने जात. जुन्या फाटकाचा दांडा थोडा उलटा ओढला की बारीक माणूस जाईल एवढी फट पडे, ती यंत्रातली ढिलाई दुरुस्त केली. दोन फाटकांच्या मधल्या पेट्यांवर हात टेकता येऊ नये म्हणून धातूची उभी पाती बसवली, त्यांची समाजमाध्यमांवर यथेच्छ टिंगल झाली. काही स्थानकांत दांडी ढकलल्यावर पंधरा सेकंदांनी दार उघडेल अशी सोय करून पाहिली. बाहेर पडायला पंधरा सेकंद लागणार म्हटल्यावर घाईतला माणूस आपोआप फिरत्या फाटकाकडे वळतो, ही कल्पना चांगली आहे.

आणि पोलिस. १५ सप्टेंबर २०२४ रोजी ब्रुकलिनच्या सटर अव्हेन्यू स्थानकात भाडं न देता आत गेलेल्या एका माणसामागे पोलिस गेले. त्याच्याकडे चाकू होता असं पोलिसांचं म्हणणं. पोलिसांनी झाडलेल्या गोळ्या त्या माणसाला, दोन सामान्य प्रवाशांना आणि एका पोलिसालाच लागल्या. भाडं त्या वेळी २ डॉलर ९० सेंट होतं. नव्या फाटकांवर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यायला हवा. यंत्र चुकलं तर कुणी फुकट जातो किंवा कुणाची बॅग चिमटते.

नव्या फाटकाची कल्पना अशी : फाटक आणि शेजारचं दार हे दोन वेगळे ठेवायचेच नाहीत. प्रत्येक वाट एवढी रुंद करायची की चाकांची खुर्ची, बाबागाडी, सुटकेस तीतून जाईल, आणि आग लागली की सगळ्याच वाटा एकदम उघडतील. मग बाजूच्या दाराचं निमित्तच उरत नाही. ऐकायला सोपं आहे. पण रुंद वाटेतून एकाच्या पाठीला चिकटून दुसरा जाऊ शकतो. म्हणून फाटकाच्या वरून आणि बाजूंनी सेन्सर लागतात. आत आलेला आकार एका माणसाचा, की माणूस आणि सुटकेस, की दोन माणसं, हे त्यांनी क्षणार्धात ठरवायचं असतं. आईच्या कडेवरचं मूल आणि मागे चिकटलेला भामटा यांत फरक करायचा असतो. झडप लवकर मिटली तर म्हातारीला लागते, उशिरा मिटली तर मागचा घुसतो. सगळी कारागिरी या सेकंदाच्या काही भागांत आहे.

न्यूयॉर्कने अशी काचेच्या झडपांची फाटकं डिसेंबर २०२३ मध्ये क्वीन्समधल्या, जेएफके विमानतळाकडे जाणाऱ्यांच्या वर्दळीच्या स्थानकात बसवली. थोड्याच दिवसांत एक व्हिडिओ फिरू लागला. बाहेर जाणाऱ्यासाठी झडप आपोआप उघडावी म्हणून आतल्या बाजूला सेन्सर होता. बाहेर उभं राहून पलीकडे हात लांब करून हलवला की सेन्सरला वाटे, कुणीतरी बाहेर निघालंय, आणि झडपा उघडत. एमटीएने नंतर सेन्सरची मांडणी सुधारली. मला या प्रसंगात नामुष्कीपेक्षा सातत्य जास्त दिसतं. रूप नवं होतं, पण फट पुन्हा बाहेर पडण्याच्या वाटेतच सापडली.

हे काम तडीस नेलं ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडी परिसरात धावणाऱ्या बार्टने. फ्रीमाँटच्या आसपास राहणाऱ्या शेकडो मराठी कुटुंबांना तिथली जुनी फाटकं चांगली आठवत असतील. दोन्ही बाजूंनी बाहेर येणाऱ्या नारिंगी त्रिकोणी पाकळ्या, कार्ड टेकवलं की आत जाणाऱ्या. १९७२ मध्ये बार्ट सुरू झाली तेव्हापासूनची ती रचना. त्यांवरून पाय टाकून जाणं फारसं अवघड नव्हतं. २०१९ मध्ये बार्टने काही स्थानकांत पाकळ्यांवर पाकळ्यांचा दुसरा मजला चढवून पाहिला. दुसरीकडे खालून वर झेपावणारं पातं बसवलं, त्याला लोकांनी लगेच उलटं गिलोटिन म्हणायला सुरुवात केली आणि तो प्रयोग पुढे सरकला नाही. शेवटी जुन्याला ठिगळं लावणं सोडून सगळीच फाटकं बदलायचं ठरलं. ९ कोटी डॉलरचा प्रकल्प, दक्षिण कोरियातल्या एसट्रॅफिक कंपनीला काम. पहिली फाटकं डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट ओकलंड स्थानकात लागली. ऑगस्ट २०२५ पर्यंत पन्नासही स्थानकांत मिळून सातशेहून जास्त बसवून झाली.

या वीस महिन्यांत खरी कसोटी होती ती स्थानक एक दिवसही बंद न ठेवण्याची. फाटक म्हणजे जमिनीवर ठेवलेली पेटी नव्हे. तिच्या पोटात वीज येते, माहितीची तार येते, आगीच्या इशाऱ्याची तार येते, आणि हे सगळं फरशीखालच्या काँक्रीटमधल्या नळ्यांतून. जुनी पेटी काढली की खालच्या नळ्या नव्या पेटीच्या मापाला जुळतीलच असं नाही. मग फरशी कापा, पुन्हा भरा. हे करताना निम्मी फाटकं चालू ठेवायची, गर्दीला तेवढ्यातूनच काढायचं. रांगेतली सगळी फाटकं उंच पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, कार्ड टेकवेपर्यंत कुलूप घट्ट. धक्का मारला तरी हलत नाहीत, हे त्यांचं मुख्य वैशिष्ट्य. जुन्या पाकळ्या जोर लावून ढकलता येत.

बार्टचा स्वतःचा अंदाज होता की यातून वर्षाला सुमारे १ कोटी डॉलर जास्त मिळतील. म्हणजे नुसत्या तिकिटांच्या पैशातून खर्च निघायला नऊ वर्षं. अडवलेला प्रत्येक फुकटा दुसऱ्या दिवशी तिकीट काढतो असं होत नाही. काही जण चालत जातात, काही जातच नाहीत. न्यूयॉर्कने २०२५ ते २०२९ च्या आराखड्यात दीडशेहून जास्त स्थानकांतल्या फाटकांसाठी १.१ अब्ज डॉलर धरले आहेत. भुयारी रेल्वेचं वर्षाचं २८.५ कोटींचं नुकसान उद्या शून्यावर आलं तरी चार वर्षं लागतील, आणि शून्यावर ते येणार नाही. शिवाय जास्त पैसा बुडतो तो बसमध्ये, आणि बसला फाटक नाही. माझ्या मते केवळ वसुलीच्या हिशेबावर ही फाटकं टिकत नाहीत. पण बार्टला पुढे असाही अनुभव आला की स्थानकांतली नासधूस आणि घाण कमी झाली, आणि साफसफाई-दुरुस्तीचे तास वाचले. हे आकडे तिकिटांच्या गल्ल्यात दिसत नाहीत.

फाटक घट्ट केलं की कुणीतरी भलताच अडकतो, याचं उदाहरण कॅनडातल्या व्हँकुव्हरचं. तिथली स्कायट्रेन १९८५ पासून फाटकांविना चालत होती. २०१६ मध्ये फाटकं बंद झाली तेव्हा लक्षात आलं की काही प्रवाशांना हातच हलवता येत नाही. कार्ड आहे, पैसे भरलेत, पण ते टेकवणार कसं? तोवर हे प्रवासी कुणाच्याही मदतीशिवाय फिरत होते. त्यांच्या आग्रहावरून पुढे काही स्थानकांत लांबून कार्ड ओळखून आपोआप उघडणारी फाटकं बसवावी लागली. लंडनचं उलट. तिथे स्वयंचलित फाटकं बसत असतानाच, १८ नोव्हेंबर १९८७ ला, किंग्ज क्रॉस स्थानकात आग लागून ३१ जण मेले. आगीच्या वेळी कुणी अडकू नये म्हणून लंडनच्या स्थानकांत फाटकांपाशी कर्मचारी नसेल तर फाटकं उघडी ठेवतात. संध्याकाळी उशिरा एखाद्या छोट्या स्थानकात सताड उघडी फाटकं दिसली तर तो गलथानपणा नसतो.

बर्लिनच्या यू-बानला तर फाटकंच नाहीत. अचानक तपासनीस येतो, तिकीट नसेल तर साठ युरो दंड. ही पद्धत मुंबईकराला शिकवायला नको. लोकलच्या स्थानकात चारी बाजूंनी पूल उतरतात, रिक्षा थांब्यावरून थेट फलाटावर येता येतं, आणि टीसी कोणत्या जिन्याच्या तोंडाशी उभा असेल ते रोज नवं. घाटकोपरला लोकलच्या पुलावरून चार पावलं टाकली की २०१४ पासून मेट्रोची फाटकं आहेत. मेट्रोची स्थानकं बंद पेटीसारखी बांधली म्हणून तिथे फाटक शक्य झालं. लोकलच्या दादर स्थानकात सकाळी नऊ वाजता झडपा मिटायला लागल्या तर काय होईल, याची कल्पना संडरलंडचा जिना आठवून करता येईल.

न्यूयॉर्कने मात्र माघार घेतलेली नाही. २०२५ मध्ये चार कंपन्या निवडल्या आहेत, मेट्रोकार्डाच्या काळापासूनची क्युबिक, बार्टचं काम केलेली एसट्रॅफिक, जर्मनीची शाइड्ट उंड बाखमान आणि कंड्यूएंट. वीस स्थानकांत त्यांची फाटकं शेजारी शेजारी नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी लावून पाहायची, जी टिकतील ती पुढे घ्यायची असा बेत आहे. झडपांची उंची, सेन्सरची अचूकता, दुरुस्तीचा खर्च हे सगळं तपासलं जाईल. रुंद फाटकं पुरेशी बसेपर्यंत लोखंडी गजांची दारं आहेत तिथेच राहणार आहेत.